खोटी विमाने, बंद कपाटे

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांनी आयुष्याची बत्तीस वर्षे हवाई दलाच्या तांत्रिक विभागात काढली. विमानाचे इंजिन उघडायचे, जुळवायचे आणि ते पुन्हा आकाशात जाण्यास योग्य असल्याच्या कागदावर सही करायची, हे त्यांचे काम. वयाने ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे, म्हणून कोलकात्याच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना 'दादा' म्हणतो. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे एखादा युद्धपट पाहतो. पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा १९६९ सालचा चित्रपट लावला होता. जर्मन मेसरश्मिट विमानांची रांग पडद्यावर आली, तसे दादा म्हणाले, "आता डोळे मिटा आणि नुसते ऐका." मी डोळे मिटले. "काय ऐकू येते?" मी म्हणालो, "विमान." दादा हसले. "विमान तर खरेच, पण आवाज रोल्स रॉइसच्या मर्लिनचा आहे. जर्मनांच्या पोटात इंग्रजांचे इंजिन!"

गोष्ट खरी आहे. चित्रपट काढायला घेतला तेव्हा उडू शकणारी जर्मन मेसरश्मिट विमाने मिळणे जवळजवळ अशक्य होते. स्पेनमध्ये मात्र त्याच आराखड्यावर बांधलेली 'बुचॉन' विमाने होती आणि स्पेनने त्यांना ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवले होते. बॉम्बफेकी हाइन्केल विमानेही स्पेनचीच, इंजिनही तेच. म्हणजे ज्या इंजिनाने १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनला वाचवले, तेच इंजिन पडद्यावर ब्रिटनवर चाल करून येत होते. दादांनी हा चित्रपट किमान वीस वेळा पाहिला असावा. मर्लिनचा प्रसंग आला की ते दर वेळी हसतात आणि पुढच्याच क्षणी खुर्चीच्या कडेवर सरकून बसतात.

मलाही हे व्यसन जुनेच आहे. सत्तरच्या दशकात कलकत्त्यात वाढलेल्या मुलाला एस्प्लनेडचा परिसर म्हणजे पंढरी होती. मेट्रो, लाइटहाऊस, ग्लोब, न्यू एम्पायर, एलिट अशी एकाला लागून एक इंग्रजी चित्रपटांची घरे. यातली बहुतेक आता बंद पडली. लाइटहाऊसमध्ये तर कपड्यांचे दुकान आले. त्या अंधारात आम्ही जे महायुद्ध पाहिले ते तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ संपूर्ण खोटे होते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. 'व्हेअर ईगल्स डेअर'मध्ये जर्मन सेनानी ज्या हेलिकॉप्टरमधून उतरतो, ते अमेरिकी बेल हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडाले तेच मुळी महायुद्ध संपल्यावर, १९४५ च्या डिसेंबरात. 'तोरा! तोरा! तोरा!'मधली जपानी झीरो विमाने म्हणजे रूप पालटलेली अमेरिकी प्रशिक्षण विमाने. 'टॉप गन'मधले 'मिग-२८' कोणत्याही देशाने कधी बांधले नाही. काळा रंग दिलेले ते अमेरिकेचेच एफ-५ होते. रशियन मिग लढाऊ विमानांना सहसा विषम क्रमांक असतात, हे तरी कोणीतरी दिग्दर्शकाला सांगायला हवे होते.

या चुकांवर रागावण्याचे मला कधी कारण दिसले नाही. रंगभूमीवर शिवाजी महाराजांच्या दरबारात विजेचा झोत पडतो, म्हणून कोणी उठून जात नाही. चित्रपटातल्या बहुतेक चुकांमागे अज्ञान नसते, अडचण असते. विमान महाग असते, जुने विमान दुर्मीळ असते आणि ज्याच्यासाठी प्रेक्षक तिकीट काढतो, त्या नटाचा चेहरा दिसावाच लागतो. म्हणून आपल्याकडचा प्रत्येक वैमानिक-नायक ऐन झुंजीत प्राणवायूचा मुखवटा गालावर लोंबता ठेवून लांबलचक संवाद म्हणतो. दादा सांगतात, ध्वनिक्षेपक त्या मुखवट्यातच असतो. तो काढला तर तुमचे देशप्रेम तुमच्याखेरीज कोणालाच ऐकू जाणार नाही.

मात्र एक चूक वेगळी आहे आणि माझ्यातल्या निवृत्त नोकरशहाला ती अधिक बोलकी वाटते. 'द डॅम बस्टर्स' हा १९५५ सालचा चित्रपट. मे १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पाण्यावर उड्या मारत जाणारे बॉम्ब टाकून जर्मनीची धरणे फोडली, त्याची ही कथा. चित्रपटातला बॉम्ब चेंडूसारखा गोल आहे. खरा बॉम्ब पिंपासारखा दंडगोलाकार होता. दिग्दर्शकाने तसे का दाखवले? युद्ध संपून दहा वर्षे झाली तरी बॉम्बचा खरा आकार सरकारी गोपनीयतेत होता, म्हणून. ही चूक चित्रपटगृहात जन्मली नाही. ती एका कुलूपबंद कपाटात जन्मली. पुढे ब्रिटनने ते कपाट उघडले आणि आज कोणताही शाळकरी मुलगा त्या बॉम्बचा आकार सांगू शकतो.

हे कपाट ध्यानात ठेवून आता कोलकात्याच्या आकाशाकडे वळू, कारण या शहराने हवाई युद्ध पडद्याबाहेरही पाहिले आहे. दर २६ जानेवारीला ज्या रेड रोडवर संचलन होते, तोच रस्ता महायुद्धात धावपट्टी होता. मैदानाच्या कडेने हरिकेन विमाने तिथून उडत. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री जपानी बॉम्ब या शहरावर पहिल्यांदा पडले आणि त्या आठवड्यात लाखो लोक शहर सोडून निघाले. पुढच्या १५ जानेवारीला प्रिंग नावाच्या सार्जंटने रडार बसवलेल्या ब्यूफायटरमधून काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बफेकी विमाने पाडली. शहराने त्याला डोक्यावर घेतले. त्याच वर्षीच्या ५ डिसेंबरला खिदिरपूर गोदीवर भरदिवसा हल्ला झाला, त्या दिवशी तो मारला गेला.

भवानीपूरमध्ये इंद्र रॉय रोड आहे. मी अनेक वर्षे त्या रस्त्याने चित्रपट पाहायला जात असे, पण हा इंद्र रॉय कोण, हे मला इतिहासात एम. ए. करतानाही कोणी सांगितले नव्हते. इंद्रलाल रॉय हा कलकत्त्यात जन्मलेला मुलगा. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१८ मध्ये, दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा विजय लागले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला, विसावे वर्षही पुरे होण्याआधी, तो कोसळला. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्याचे भाचे. या मुलावर चित्रपट निघाला आणि त्यात चुकीचे विमान दाखवले, तरी मी पहिल्याच खेळाला जाईन.

१९७१ चा नोव्हेंबर मला स्वतःला आठवतो. मी बारा वर्षांचा होतो आणि आम्ही उत्तर कलकत्त्यात डमडमच्या वाटेवर राहत होतो. युद्ध अजून जाहीर झाले नव्हते; ते ३ डिसेंबरला झाले. पण सीमेपलीकडून आलेली माणसे आमच्या गल्लीपर्यंत पोचली होती, खिडक्यांच्या काचांवर तपकिरी कागद चिकटवायची चर्चा सुरू होती आणि डमडमहून उडणारी नॅट विमाने आम्हा मुलांना आवाजावरून ओळखू येत. नॅट हे इतके लहान विमान की त्याच्याशेजारी माणूस उभा राहिला तर माणूसच मोठा वाटे. २२ नोव्हेंबरच्या दुपारी, उत्तर चोवीस परगण्यातल्या बॉयरा गावावर चार नॅट आणि पाकिस्तानची सेबर विमाने यांची गाठ पडली. मॅसी, सुआरेझ, गणपती आणि लाझरस हे आपले चार वैमानिक. झुंज संपायला काही मिनिटेही लागली नाहीत. आपली नोंद तीन सेबर पाडल्याची. पाकिस्तानी बाजू म्हणते, तिसरे मोडक्या अवस्थेत ढाक्याला परतले. पॅराशूटने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक पकडले गेले. त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानचे हवाई दलप्रमुख झाले आणि लाझरस यांनी त्यांना अभिनंदनाचे पत्र पाठवले, त्याला उत्तरही आले. असा शेवट एखाद्या पटकथाकाराने लिहिला असता, तर आपण त्याला भाबडा म्हटले असते.

ही झुंज तंतोतंत पडद्यावर दाखवायची ठरवली तर काय दिसेल? निळ्या आकाशात काही ठिपके. रेडिओवर तुटक शब्द. गणपती यांनी विजय कळवला तो एकच सांकेतिक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून: 'मर्डर, मर्डर'. आणि या साऱ्याचा खरा सूत्रधार तर आकाशात नव्हताच. तो जमिनीवर, रडारच्या पडद्यासमोर बसला होता: फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची. नॅट नेमक्या वेळी, नेमक्या उंचीवर आणि शत्रूच्या नेमक्या बाजूला त्यांनी आणून ठेवली. हवाई युद्धाचे तांत्रिक सत्य हे असे असते: अंधारी खोली, हिरवा ठिपका, एका तरुण अधिकाऱ्याचे मनातल्या मनात चाललेले गणित. यावर अडीच तासांचा चित्रपट कोण काढणार? अतिशयोक्ती केल्याशिवाय हे सत्य तिकीटबारीपर्यंत पोचतच नाही, म्हणून मी अतिशयोक्तीला क्षमा करतो.

बंगाली प्रेक्षकाची या बाबतीतली संवेदना जरा निराळी आहे, हेही सांगायला हवे. बॉयराच्या आदल्या दिवशीच्या गरीबपूरच्या रणगाडा-लढाईवर २०२३ मध्ये 'पिप्पा' आला. रणगाडे बरोबर होते की चूक, यावर कोलकात्यात कोणी अवाक्षर काढले नाही. काझी नज़रुल यांच्या एका गीताची चाल बदलली म्हणून मात्र सारे शहर पेटून उठले. मी स्वतः त्या निषेधात मनाने सामील होतो.

आणि मुळात बंगालचे दोन सर्वोत्तम 'विमानपट' कोणी त्या नावाने ओळखतच नाही. सत्यजित राय यांच्या 'अशनि संकेत'मध्ये खेड्यातल्या बायका नदीवर असताना डोक्यावरून विमाने जातात आणि त्या कौतुकाने वर पाहतात. त्या विमानांचे युद्ध त्यांच्या घरात तांदळाच्या भावाच्या रूपाने शिरणार आहे, हे त्यांना ठाऊक नसते. १९४३ चा दुष्काळ दारात उभा असतो. ऋत्विक घटक यांच्या 'सुवर्णरेखा'त तर युद्ध संपलेले असते. ओसाड धावपट्टीवर, मोडक्या विमानाच्या सांगाड्यात फाळणीने उखडलेली मुले खेळतात. ती विमाने कोणत्या बनावटीची होती, असे आजवर मला एकाही विमानशौकिनाने विचारलेले नाही.

तेव्हा चुकीचे विमान क्षम्य. पण चुकीचा माणूस? इथे मात्र माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी अस्वस्थ होतो. 'डंकर्क' (२०१७) पाहताना शौकिनांनी मेसरश्मिटच्या पिवळ्या नाकावर वाद घातला; तो रंग त्या मोहिमेनंतर आला होता. इंधन संपलेले स्पिटफायर एवढा वेळ तरंगते कसे, यावरही खल झाला. मला त्याहून टोचले ते हे की डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याच्या खेचर-तुकड्याही होत्या आणि त्यातला एकही माणूस पडद्यावर दिसत नाही. रंग पुसता येतो, पुन्हा लावता येतो. पुसलेला माणूस तसा परत येत नाही.

'बॉर्डर'चेच घ्या. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या चौकीवर जवानांनी रात्र काढली आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली, हे १९९७ च्या या चित्रपटाने तांत्रिकदृष्ट्या बरोबर दाखवले. हंटरना रात्री मारा करता येत नव्हता, म्हणूनच सूर्योदयाची ती जीवघेणी वाट. तो प्रसंग आजही माझ्या अंगावर काटा आणतो. परंतु त्याच चित्रपटात सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंह राठोड वीरमरण पत्करताना दिसतात. प्रत्यक्षात राठोड जिवंत होते. त्यांना १९७२ मध्ये सेना पदक मिळाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरच्या रुग्णालयात, वृद्धापकाळी त्यांचे निधन झाले. स्वतःचा मृत्यू पडद्यावर पाहून, टाळ्या ऐकून, पुढे पाव शतक जगणाऱ्या माणसाला काय वाटले असेल?

'भुज' (२०२१) मध्ये तर याहून विचित्र घडले. स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली, माधापरच्या सुमारे ३०० स्त्रियांनी बॉम्बनी उखडलेली धावपट्टी ७२ तासांत पुन्हा बांधली. भोंगा वाजला की त्या झुडपांत लपत. धावपट्टी वरून दिसू नये म्हणून तिच्यावर शेण सारवत. कर्णिकांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. पण चित्रपटात शेवटी काय लक्षात राहते? पुढचे चाक गमावलेले विमान ट्रकच्या टपावर टेकवून उतरवल्याचा देखावा! दादा त्या प्रसंगाला मनापासून, पोट धरून हसले. मला हसू आले नाही. शेण कालवणारे हात पडद्यावर पुरेसे दिसले असते, तर त्या ट्रकचेही मी कौतुक केले असते. मराठी कवी दिलीप चित्रे यांची पटकथा आणि गोविंद निहलानी यांचे दिग्दर्शन असलेला 'विजेता' (१९८२) या तुलनेत मला आजही मोठा वाटतो. त्यातले मिग-२१ खरे होते म्हणून नव्हे. उडायला शिकणाऱ्या मुलाची भीती खरी होती म्हणून.

आता ते कपाट. ७ सप्टेंबर १९६५ हा एकच दिवस पाहा. पूर्वेला, पहाटे पाकिस्तानी सेबर विमानांनी खरगपूरजवळच्या कलाईकुंडा तळावर उभी असलेली आपली विमाने जाळली. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा डमडमची दोन हंटर विमाने तिथे होती. आल्फ्रेड कुक आणि ममगाईं हे वैमानिक. झुंज थेट आयआयटी खरगपूरच्या डोक्यावर, झाडांच्या उंचीवर चालली आणि वसतिगृहांतल्या मुलांनी ती डोळ्यांनी पाहिली. कुक यांची तुकडी क्रमांक १४, समोरची पाकिस्तानी तुकडीही क्रमांक १४. विद्यार्थी साक्षीला होते म्हणून ही कथा टिकली.

त्याच दिवशी पश्चिमेला, सरगोध्यावर हल्ला करून परतणाऱ्या मिस्टेअर विमानांतले अज्जमदा देवय्या यांचे विमान परत आले नाही. ते बेपत्ता ठरले, विषय मिटला. चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे पुस्तक आले. पाकिस्तानच्या बाजूने लिहिलेल्या त्या पुस्तकात नोंद होती, की दुप्पट वेगाच्या एका स्टारफायटरला एका भारतीय मिस्टेअरने पाडले होते. तो भारतीय कोण, याचा शोध त्यानंतर लागला. देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले १९८८ मध्ये. घटनेनंतर तेवीस वर्षांनी. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या 'स्काय फोर्स'ने ही कथा घेतली, पण नायकाचे नाव बदलले. त्यावर अनेकांनी टीका केली. मी म्हणतो, ज्या देशाच्या व्यवस्थेला आपल्या वीराचा पराक्रम शत्रूपक्षाच्या पुस्तकातून कळला, तिने चित्रपटवाल्याकडे बोट दाखवताना जरा सावकाश घ्यावे.

शासनाला चित्रपटांची काळजी नाही असे नाही. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने कळवले, की सैन्यावरील चित्रपट वा मालिका दाखवण्यापूर्वी मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. 'गुंजन सक्सेना'तील चित्रणावर हवाई दलाने परीक्षण मंडळाकडे हरकत नोंदवली. 'फायटर' (२०२४) मध्ये भौतिकशास्त्राचे जवळजवळ सर्व नियम मोडले जातात. कायदेशीर नोटीस गेली ती गणवेशातल्या चुंबनाबद्दल. याउलट कागदपत्रांची स्थिती पाहा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे अधिकृत इतिहास नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार होते, पण ते मर्यादित वापरासाठी ठेवले गेले. २००० साली एका वृत्तपत्राने ते इंटरनेटवर आणले, तेव्हा देशाला वाचायला मिळाले. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, नियम १९९७ चे. पंचवीस वर्षे जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत, ही त्यातली अपेक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितले, की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या नोंदी त्यांच्याकडे नाहीत, आणि १५१ मंत्रालये व विभागांपैकी केवळ ३६ यंत्रणांचे अभिलेख तिथे आहेत. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण मंजूर केले: युद्ध संपल्यापासून दोन वर्षांत समिती, पुढच्या तीन वर्षांत इतिहास, आणि पंचवीस वर्षांहून जुने कागद तपासून अभिलेखागाराकडे. धोरण चांगले आहे. पण पटकथेची तपासणी मोजता येते तशी कपाटांची उघडझापही मोजायला हवी. ती कोणी मोजत नाही.

आमच्या शहरापुरते बोलायचे तर लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय फोर्ट विल्यममध्ये आहे. या किल्ल्याला अलीकडे आपल्या कोकणातल्या विजयदुर्गाचे नाव देण्यात आले. मुक्तिवाहिनीच्या प्रशिक्षणाविषयीच्या फायली तिथून युद्धानंतर लगेच नष्ट करण्यात आल्या, अशी बातमी २०१० मध्ये वृत्तपत्रांनी दिली होती. ही पोकळी भरून काढली ती हौशी लोकांनी. १९६५ च्या हवाई युद्धाचा सर्वांत विश्वासार्ह वृत्तांत पी. व्ही. एस. जगनमोहन आणि समीर चोप्रा यांनी लिहिला. चोप्रा तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक चुकला म्हणून चित्रपटगृहात पुटपुटणारी जी मंडळी आपल्याला किरकिरी वाटतात, त्यांच्याच वहीत पुष्कळदा शासनाने हरवलेली नोंद सापडते.

इतरांना बोल लावला, आता स्वतःचेही सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका जिल्ह्यात तरुण अधिकारी होतो. कचेरीच्या अभिलेख कक्षाचे छप्पर गळत होते आणि जागा मोकळी करण्याचा आदेश आला होता. निंदणीकरणासाठी काढलेल्या जुन्या गठ्ठ्यांची यादी माझ्यासमोर आली. त्यात महायुद्धकाळात धावपट्ट्यांसाठी घेतलेल्या जमिनींच्या फायली होत्या. त्यांच्यापुढे 'पुढील उपयोग नाही' असा शेरा. या पट्ट्यात १९४४ मध्ये अमेरिकी बी-२९ विमानांसाठी गावेच्या गावे हलवली गेली होती, हे मला ठाऊक होते. इतिहास हा माझा विषय होता. पण निवडणूक तोंडावर होती, टेबलावर ढीग होता. मी सही केली.

साताठ महिन्यांनी एक म्हातारा शेतकरी आला. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली एक पावती त्याने माझ्यापुढे ठेवली. पावतीवरचे अक्षर विरले होते. "साहेब, बापाची जमीन विमानांना दिली होती. लढाई संपल्यावर परत देऊ म्हणाले होते. कचेरीत कागद असेल ना?" मी लिपिकाला बोलावले, कक्षात पाहून यायला सांगितले. कागद नाही हे मला आधीच माहीत होते. लिपिक रिकाम्या हाताने परतेपर्यंतची ती दहा मिनिटे मी त्या माणसाशी पावसापाण्याविषयी बोलत बसलो.

परवा ही गोष्ट मी दादांना सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले. मग आत गेले आणि निळ्या कापडी बांधणीची एक वही घेऊन आले. १९७१ मध्ये ते एकवीस वर्षांचे होते, पूर्व आघाडीवरच्या एका तळावर. कोणते विमान किती वाजता परतले, कुठे गोळी लागली होती, कोणते इंजिन रातोरात बदलले, हे त्यांनी स्वतःसाठी बारीक अक्षरात टिपून ठेवले होते. वही त्यांनी मला दुरून दाखवली, हातात दिली नाही.

"छापावी असे वाटते," ते म्हणाले. "पण परवानगी कोणाची घ्यायची? तुम्ही सरकारात होता, तुम्हाला माहीत असेल."

पन्नासहून अधिक वर्षे उलटली होती. मी म्हणालो, "चौकशी करतो." नोकरीत असताना हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेन! दादांनी वही पुन्हा कपाटात ठेवली आणि रिमोट शोधू लागले. या रविवारी 'बॉर्डर' पाहायचा, असे ठरले होते.